टपावरची कयाक

२०२३ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मुलीला शाळेची सुट्टी लागताच, आम्ही तिघे मँचेस्टरहून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ॲरिसेग या गावी गेलो आणि आमची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लांब अरुंद होडी, कॅम्पर व्हॅनच्या टपावर बांधून नेली. अंतर साडेतीनशे मैलांच्या आसपास होते. व्हॅन आमच्याकडे सात वर्षे होती, कयाक चालवायला मी तीन वर्षांपासून शिकत होते, आणि एक दुसऱ्यावर ठेवून पट्टे आवळले की झाले, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्या तयारीला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत आणि नंतरच्या प्रवासात जे कळले ते तपशिलाने लिहीत आहे, कारण हा तपशील वेळेवर कळला नाही तर त्याची किंमत मागून येणाऱ्या गाडीतल्या माणसालाही मोजावी लागू शकते.

आमची व्हॅन म्हणजे २०१२ ची फोक्सवॅगन टी ५. तिची लांबी ४.९ मीटर आणि उंची जेमतेम दोन मीटर आहे. आत छोटा ओटा आहे, रात्री पलंग होणारा बाक आहे आणि वर उचलला जाणारा फायबरग्लासचा टप आहे, ज्याच्या पोटातल्या फळीवर मुलगी झोपते. कयाक समुद्रात चालवायची, पॉलिएथिलीन या प्लास्टिकची, ५.२ मीटर लांब, ५६ सेंटिमीटर रुंद आणि रिकामी असताना २८ किलो वजनाची आहे. व्हॅनपेक्षा कयाक लांब आहे, ही गोष्ट खरेदीच्या दिवशीच लक्षात आली होती. परंतु खरी अडचण लांबीची नव्हती, ती उचलल्या जाणाऱ्या टपाची होती.

व्हॅनचे मूळचे लोखंडी छप्पर कायम असते तर एवढ्या वजनाचा विचारही करावा लागला नसता. आमच्या टपाच्या कागदपत्रांत मात्र दोन आकडे स्पष्ट दिलेले होते : टप बंद असताना जास्तीत जास्त ५० किलो, आणि टप उघडायचा असेल तेव्हा वर काहीही नको. दोन आडव्या दांड्या आणि कयाक ज्यात बसते ती रबरी अस्तराची क्रेडल मिळून १३ किलो भरली. त्यात कयाकचे २८ मिळवले की ४१ होतात, म्हणजे हाताशी उरले नऊ किलो. नऊ किलो हा आकडा मला सुरुवातीला ऐसपैस वाटला. नंतर लक्षात आले की नऊ किलो म्हणजे नऊ लिटर पाणी, आणि उताणी बांधलेली कयाक ही वरून उघडी असलेली लांबलचक परातच असते. वाटेत चार-पाच तास पाऊस लागला तर बसायच्या जागेत नऊ लिटर पाणी साठायला काहीच अडचण नाही. शिवाय ते पाणी ब्रेक लावला की पुढे आणि चढ लागला की मागे धावणार. म्हणून पहिली खरेदी झाली ती बसायच्या जागेवर ताणून बसवायच्या झाकणाची. ते झाकणही सुटून उडू नये म्हणून त्याची दोरी कयाकच्या दोरीला वेगळी बांधावी लागते.

दुसऱ्या आकड्याचा परिणाम याहून मोठा होता. टप उघडायचा म्हणजे कयाक खाली उतरवायची, आणि मुलगी वर झोपणार म्हणजे टप रोज उघडायचा. याचा अर्थ वाटेतल्या प्रत्येक मुक्कामी संध्याकाळी कयाक उतरवणे आणि सकाळी पुन्हा चढवणे भाग होते. माझ्या नवऱ्याच्या खांद्याची शस्त्रक्रिया आदल्या वर्षीच झालेली असल्यामुळे त्याला खांद्याच्या वर वजन उचलायची मनाई होती. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. तेव्हा २८ किलोंची आणि सतरा फुटांची वस्तू दोन मीटरच्या वर, मी एकटी, रोज सकाळी कशी चढवू शकेन, हा प्रश्न सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते.

बरेच जण कयाक मागच्या बाजूने चढवतात : टपाच्या मागच्या कडेवर रबरी पायपुसणे अंथरायचे, कयाकचे पुढचे टोक त्यावर टेकवायचे आणि मागून ढकलत न्यायचे. फायबरग्लासच्या टपावर ते मला धोक्याचे वाटले, कारण सगळा भार काही क्षण त्या पातळ कडेवर येतो. आम्ही बाजूने चढवायची पद्धत घेतली. पुढची आडवी दांडी आतून पोकळ आहे. तिच्यात नेमकी बसणारी पोलादी नळी आम्ही बनवून घेतली, जी हवी तेव्हा पाऊण मीटर बाहेर ओढता येते. कयाक व्हॅनच्या शेजारी जमिनीवर समांतर ठेवायची, पुढचे टोक उचलून बाहेर आलेल्या नळीवर टेकवायचे, मग मागे जाऊन मागचे टोक उचलून मागच्या दांडीवर ठेवायचे, आणि शेवटी पुढे येऊन पुढचा भाग नळीवरून आत सरकवायचा. अशा रीतीने एका वेळी निम्मेच वजन, साधारण चौदा किलो, हातावर येते. दोन पायऱ्यांचे स्टूल लागते आणि ते सपाट, कडक जमिनीवरच ठेवावे लागते. ओल्या गवतावर त्याचा एक पाय रुतला तेव्हा मी कयाकसह कलंडता कलंडता वाचले. त्यानंतर स्टुलाखाली ठेवायला प्लायवुडचा तुकडा कायम व्हॅनमध्ये आहे. वारा असेल तर वाऱ्याच्या बाजूने चढवू नये, आडोशाच्या बाजूने चढवावे, हेही पहिल्याच आठवड्यात शिकायला मिळाले.

कयाक टपावर पुढे-मागे नेमकी कुठे ठेवायची, यातही विचार करावा लागला. आमच्या व्हॅनचे मागचे दार वर उघडते आणि उघडताना त्याची कड टपाच्या पातळीच्याही वर जाते. कयाक मागे बाहेर आली तर दार तिला धडकते आणि गॅसची शेगडी, पाण्याचे कॅन वगैरे सगळे सामान अडकून पडते. म्हणून आम्ही ती पुढे सरकवली, इतकी की तिचे टोक समोरच्या काचेच्या पुढे बाहेर दिसते. ब्रिटनच्या नियमांनुसार ओझे मागे एक मीटरपेक्षा जास्त बाहेर आले तर ते इतरांना स्पष्ट दिसेल अशी व्यवस्था करावी लागते. आमच्याकडे तशी वेळ आली नाही, तरी मागच्या टोकाला लाल कापड बांधायची सवय आम्ही ठेवली. पुढे आलेल्या टोकाचा एक फायदा तेव्हा माझ्या मनातही नव्हता : चालवताना ते सतत डोळ्यांसमोर असते. वर काय चालले आहे हे सांगणारा तो काटाच आहे, आणि पुढे त्यानेच आम्हाला सावध केले.

कयाकला दांड्यांवर आवळून धरणाऱ्या मधल्या दोन पट्ट्यांविषयी थोडे सांगते. पट्टे दांडीला आवळायचे, टपाला नव्हे, आणि व्हॅनच्या दारांतून आतून घ्यायचे नाहीत. घरी माल बांधायचे रॅचेटचे, म्हणजे दांडा मागेपुढे करून आवळायचे, पट्टे होते, तेच आम्ही पहिल्यांदा वापरले. रॅचेटने इतका ताण येतो की हाताला त्याचा अंदाजच येत नाही, आणि ऊन लागले की पॉलिएथिलीन मऊ होते. दोन दिवस तशीच बांधून ठेवलेली कयाक उतरवली तेव्हा तिच्या पोटाला दोन्ही क्रेडलच्या जागी तळहाताएवढे खोलगे पडले होते. उन्हात ठेवून आणि गरम पाणी ओतून ते बरेचसे भरून आले, परंतु पूर्वीचा आकार पूर्ण आला नाही. त्यानंतर आम्ही कॅम बकलचे साधे पट्टे घेतले, जे हाताने ओढता येतील तेवढेच आवळले जातात आणि तेवढे पुरते. पट्टा दुसऱ्या बाजूला फेकताना बकल खिडकीच्या काचेवर आपटते, म्हणून बकलचे टोक आपल्या हातात ठेवून मोकळे टोक फेकावे. आणि पट्टा सपाट ठेवला तर ताशी पन्नास मैलांच्या पुढे तो वाऱ्यात असा घुमू लागतो की व्हॅनमध्ये एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही; त्याला एक-दोन वेळा पीळ दिला की तो आवाज थांबतो.

मात्र मधले पट्टे कयाकला फक्त दांड्यांवर धरून ठेवतात. आमच्या दोन दांड्यांमधले अंतर सव्वा मीटर आहे आणि कयाक सव्वापाच मीटर. म्हणजे दांडीच्या पुढे दोन मीटरहून लांब तरफ हवेत राहते. रस्त्यावरचा वारा त्या टोकाला खालून उचलतो आणि बाजूचा झोत त्याला आडवे ढकलतो. गुरुत्वाकर्षण कयाकला खाली धरून ठेवील, हा विचार उभ्या गाडीपुरता ठीक आहे. धावत्या गाडीवर ओझ्याचा कल वर जाण्याकडे असतो. म्हणून पुढचे टोक, ज्याला आमच्या कोकणातले खलाशी नाळ म्हणतात, ते दोन दोऱ्यांनी उलट्या ‘व्ही’च्या आकारात खाली ताणून बांधावे लागते, आणि मागचे टोकही तसेच. पुढे बांधायला व्हॅनवर सोयीची जागा नव्हती, तेव्हा बॉनेटच्या आतल्या बोल्टना पट्टीचे दोन फास बसवून घेतले, जे बॉनेट बंद केल्यावर फटीतून बाहेर येतात.

या दोऱ्यांच्या बाबतीत माझी जी चूक झाली ती माझ्या लहानपणात रुजलेली होती. माझे वडील गुहागरहून आंब्याच्या पेट्या एसटीने मुंबईला न्यायचे. गाडीच्या मागच्या शिडीने ते स्वतः टपावर चढत, पेट्या रचत, तागाच्या दोराने बांधत आणि शेवटी दोरावर तांब्याभर पाणी शिंपडत. ओला झाला की दोर आखडतो आणि ओझे आणखी घट्ट बसते, हे त्यांनी मला सात-आठ वर्षांची असताना सांगितले होते आणि ते खरेच आहे, कारण तागासारखा वनस्पतीचा धागा पाणी पिऊन फुगतो आणि दोर लांबीत कमी होतो. चिपळूणच्या स्थानकात गाडी थांबली की इतर लोक चहाला जात आणि बाबा पुन्हा वर चढून प्रत्येक फेरा हाताने चाचपून येत. मी या आठवणीतला पहिला भाग नीट लक्षात ठेवला होता. पावसाने दोर घट्टच होणार, अशा खात्रीने मी नाळेला घरात असलेली नायलॉनची दोरी बांधली.

निघण्याआधी आम्ही वीस मैलांची एक फेरी मारून पाहिली. ती कोरड्या दिवशी झाली आणि काहीही हलले नाही. त्याच फेरीत दुसरी एक गोष्ट घडली. घराजवळच्या ज्या जलाशयावर आम्ही नेहमी फिरायला जातो, तिथल्या वाहनतळाच्या तोंडावर २.१ मीटर उंचीची आडवी कमान आहे. रिकामी व्हॅन तिच्याखालून सहज जाते, आणि गेली सात वर्षे ती जातच होती. नवऱ्याने सवयीने गाडी वळवली, आणि मागून मुलगी ओरडली म्हणून कमानीच्या दोन हात अलीकडे आम्ही थांबलो. घरी आल्यावर जमिनीपासून कयाकच्या सर्वांत उंच भागापर्यंत मोजले तर २.५५ मीटर भरले. तीन मीटरपेक्षा उंच वाहनात ती उंची चालकासमोर लिहिलेली असावी लागते. आम्हाला ते बंधन नाही, तरी मुलीने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत २.५५ लिहून तो स्टिअरिंगसमोर चिकटवला. स्कॉटलंडमध्ये समुद्रकाठच्या आणि सरोवराकाठच्या कितीतरी वाहनतळांना अशा कमानी आहेत. रात्री मुक्कामाला थांबणाऱ्या गाड्या अडवण्यासाठी त्या असतात. प्रत्येक ठिकाणी आत वळण्याआधी त्या पुठ्ठ्याकडे नजर जात असे.

आम्ही शनिवारी पहाटे निघालो. प्रेस्टन ओलांडेपर्यंत आकाश कोरडे होते, लँकेस्टरनंतर पाऊस लागला आणि शॅपच्या चढावर, जो एम ६ या महामार्गाचा सर्वांत उंच भाग आहे, पश्चिमेकडून आडवा वारा आला. मी चालवत होते. काचेसमोरचे नाळेचे टोक तोपर्यंत एका जागी स्थिर होते. आता ते डावीकडून उजवीकडे जाऊ लागले, आधी दोन बोटे, मग चार. एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला तेव्हा टोक वर उचलले जाऊन धप्पकन खाली आल्याचे मला दिसले आणि टपावरून ऐकूही आले. मी वेग ताशी चाळीस मैलांवर आणला, धोक्याचे दिवे लावले आणि पुढच्या फाट्याने बाहेर पडले. ती काही मिनिटे मी आजही विसरलेले नाही, कारण आमच्या मागे एक छोटी गाडी होती आणि आरशात तिच्यातल्या मागच्या सीटवरचे मूल मला दिसत होते.

थांबून पाहिले तर मधले पट्टे होते तसे होते. नाळेच्या दोन्ही दोऱ्या मात्र सैल होऊन झोळीसारख्या लोंबत होत्या, गाठी न सुटता. नायलॉन भिजले की पाणी शोषते, जास्त ताणले जाते आणि त्याची ताकदही कमी होते; तागाच्या अगदी उलट. त्यातच वाऱ्याचे धक्के बसत राहिले आणि दोरी लांबत गेली. आणखी थोडी सैल झाली असती तर तिचे टोक चाकाखाली जाऊन कयाकला एका हिसक्यात खाली ओढू शकले असते. आमच्याकडे पॉलिएस्टरचे दोन जादा पट्टे होते. पॉलिएस्टर ओले झाले तरी फारसे ताणले जात नाही. भर पावसात स्टुलावर उभी राहून मी दोऱ्या सोडल्या, पट्टे बांधले, उरलेली टोके गुंडाळून त्यांना गाठी मारल्या, आणि मग कयाकचे टोक धरून जोराने हलवून पाहिले. कयाक हलली नाही. तिच्याबरोबर अख्खी व्हॅन हलली. तीच कसोटी आहे. बांधणी नीट असेल तर ओझे आणि गाडी एकत्र डुलतात.

त्यानंतर आम्ही पहिल्या दहा मैलांवर एकदा, आणि मग दर तासाला थांबत गेलो. चिपळूणच्या स्थानकातला बाबांचा फेरा, जो मी विसरले होते, तो आता आमच्या वेळापत्रकात आला. प्रत्येक थांब्यावर मी एका बाजूने आणि नवरा दुसऱ्या बाजूने चालत जायचे, सहाही पट्ट्यांना हात लावायचा, झाकण चाचपायचे आणि दांड्यांचे नट पाहायचे, असे आम्ही ठरवले. एवढ्याला दोन मिनिटे लागतात. वेगाची कमाल मर्यादा आम्ही स्वतःपुरती ताशी पंचावन्न मैल ठेवली.

ग्लासगोच्या पश्चिमेला क्लाइड नदीवरचा अर्स्किन पूल उंच आणि उघडा आहे, वारा वाढला की तो उंच वाहनांना बंद करतात. त्या दिवशी तो खुला होता, तरी आम्ही तो अगदी सावकाश पार केला. पुढे ए ८२ हा रस्ता लोमंड सरोवराच्या काठाकाठाने जातो. टारबेटच्या उत्तरेला तो अरुंद आणि नागमोडी होतो. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला पाणी. समोरून पर्यटकांच्या मोठ्या बस आल्या की हवेचा लोट टपावर आदळायचा आणि आम्ही तिघेही नाळेकडे पाहायचो. ती जागची हलत नव्हती. रॅनकच्या माळावर, जिथे मैलोन्मैल झाड नाही, वारा पुन्हा आडवा आला; तिथेही हलली नाही. त्या रात्री आम्ही फोर्ट विल्यमजवळ मुक्काम केला, कयाक उतरवली, टप उघडला, आणि सकाळी सगळे उलट क्रमाने केले. चढवून बांधायला पस्तीस मिनिटे लागली.

फोर्ट विल्यम ते ॲरिसेग हा शेवटचा टप्पा तासाभराचा आहे. तिथल्या किनाऱ्यासमोर लहान लहान खडकबेटांचा पसारा आहे, मधल्या वाळूचा रंग शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे पांढरा आहे, आणि पलीकडे एग आणि रम ही बेटे दिसतात. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने पाण्यावर आणि जमिनीवर जबाबदारीने वावरण्याचा हक्क सर्वांना दिला आहे, त्यामुळे कयाक पाण्यात सोडायला कुणाची परवानगी काढावी लागली नाही. तो हक्क मोटारीला मात्र लागू नाही, म्हणून व्हॅन आम्ही शुल्क भरून तळावरच उभी केली. पाच दिवस कयाक गवतावर उलटी ठेवून, साखळीने व्हॅनच्या मागच्या कडीला कुलूपबंद केलेली असे. संध्याकाळी दहापर्यंत उजेड असायचा. ओहोटीला बेटांमधल्या वाटा कोरड्या पडतात, म्हणून भरतीची वेळ पाहून निघायचे आणि सील हे समुद्री प्राणी जिथे खडकांवर पडून असतात तिथून दुरून वल्हवत जायचे, हा क्रम होता.

परतीच्या आदल्या रात्री मी पट्टे तपासले तेव्हा एका बकलची स्प्रिंग अडकत होती. खाऱ्या पाण्याने ओली कयाक बांधली की ते पाणी बकलमध्ये उतरते आणि दाते धरेनासे होतात. गोड्या पाण्यात भिजवून ते मोकळे केले, तरी परतीला तो पट्टा वापरला नाही. घरी पोचल्यावर सगळे पट्टे बादलीत धुतले, बाल्कनीच्या कठड्यावर सावलीत सुकवले, आणि नायलॉनची ती दोरी कपडे वाळत घालायला लावली. आता दर मोसमाच्या सुरुवातीला मी पट्ट्यांच्या कडा बोटाने तपासते. जिथे धागे सुटून मऊ पिसासारखे लागतात, तो पट्टा बाद करते.